मदत हवी आहे: आईला हेपटायटिस सी आहे, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केलेलं कोणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६१. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर हेपटायटिस सी ची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, मग आरएनए टेस्ट केली, व्हायरस आहेच, जीनोटाइप ३ (म्हणजे व्हायरसचा प्रकार). त्रास म्हणाल तर नुसता थकवा, तोही आम्ही वयावर ढकलत होतो. १९८७ ला माझ्या जन्माच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं, तेव्हाचंच असावं असं डॉक्टर म्हणाले, कारण हा व्हायरस सापडलाच १९८९ ला, त्याआधी दात्याचं रक्त यासाठी तपासणार तरी कसं.

फायब्रोस्कॅनमध्ये (यकृत किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) सिरॉसिस नाही, म्हणजे यकृत पार खराब झालेलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. डॉक्टरांनी दोन औषधं दिलीत, सोफोसबुविर आणि वेलपाटासविर एकाच गोळीत, रोज एक, १२ आठवडे. सिरॉसिस नसेल तर १०० पैकी ९५ च्या वर लोकांचा व्हायरस कायमचा जातो म्हणे.

पण आई गोळी घ्यायलाच तयार नाही. मामाला हाच आजार होता, त्याने २००८ मध्ये इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली, सोबत रिबाविरिनच्या गोळ्या. दर आठवड्याला इंजेक्शन, त्या रात्री थंडी वाजून ताप, हिमोग्लोबिन घसरलेलं, नंतर नंतर तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, कोणाशी बोलायचा नाही. ते सगळं आईने केलं त्याचं. आणि सहा महिने सोसून शेवटी व्हायरस परत आला तो आलाच. आता २८ गोळ्यांची बाटली कपाटात आहे, सील तसंच. मी समजावलं की इंटरफेरॉन शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवायचं म्हणून तो ताप यायचा, या गोळ्या थेट व्हायरसची वाढ थांबवतात, सोफोसबुविर तर २०१३ पासून वापरात आहे. तर म्हणते, "तुझ्या मामालाही डॉक्टर असंच समजावत होते."

म्हणून विचारतेय, हा कोर्स घेतलेल्यांना नक्की काय काय झालं? डॉक्टरांनी डोकेदुखी आणि थकवा सांगितलाय, पण घरातली रोजची कामं होत होती का? आई कित्येक वर्षं सकाळी उठल्या उठल्या ओमेप्राझोल घेते, त्याने वेलपाटासविर नीट शोषलं जात नाही म्हणून ते बंद करायला सांगितलंय, तर तुम्ही अॅसिडिटीचं कसं निभावलंत? शिवाय डायबेटिस आहे, व्हायरस कमी व्हायला लागला की शुगर खाली जाऊ शकते, कोणाला डोस बदलावा लागला का? हेपटायटिस बी ची टेस्टही दिलीय, आधी तो होऊन गेला असेल तर या उपचारात पुन्हा डोकं वर काढू शकतो. रिपोर्ट परवा येईल, तोपर्यंत मीही बाटली उघडा म्हणणार नाही.

आणि एक, गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्ट करून निगेटिव्ह आली तरच बरं झालं म्हणायचं ना? अँटिबॉडी तर पुढेही पॉझिटिव्हच राहते, ते मी आईला आत्ताच सांगून ठेवलंय, नाहीतर पुढे कुठलातरी रिपोर्ट बघून घाबरेल.

ज्यांच्या घरी आधी इंटरफेरॉन झालं आणि नंतर या गोळ्या, त्यांनी तर प्लीज लिहाच. चांगलं वाईट जे झालं ते सगळं लिहा. मी आईला शेजारी बसवून वाचून दाखवणार आहे, माझ्यापेक्षा तुमचं ती ऐकेल.