दारू पिऊन गाडी: ३० ची मर्यादा ठेवायची की सरळ शून्य?

मालवकर: बायपासवरच्या मॅरेज गार्डनांमध्ये लग्नांचा हंगाम सुरू होतोय. "एकच घेतलाय" म्हणत गाडीची किल्ली उचलणारे नातेवाईक आपल्या इंदूरच्या मराठी घरांतही आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. मी म्हणतो, शून्य करा. आकडा दिला की लोक हिशोब करत बसतात, आणि प्यायल्यावर आधी तो हिशोबच बिघडतो.

रामबागवाला: दादा, नाही पटलं. इंग्लंडमध्ये ८० चालतं, आपलं ३० आधीच कडक आहे. शून्य केलं तर यंत्राच्या बारीकशा चुकीनेही निरपराध माणूस अडकेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिक्षा पुरेशी आहे हो! तपासणी ठरलेल्या चौकातच होते, पिणारे गल्लीतून निघून जातात.

अनघा: हिशोब कसा चुकतो ते सांगते. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रिकाम्या पोटी तेवढ्यानेच ७० किलोचा पुरुष ३० च्या पुढे जाऊ शकतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तिचा आकडा आणखी वर. "बिअरच तर आहे" म्हणणाऱ्यांनी ऐका: ८ टक्केवाली ६५० मिलीची बाटली म्हणजे असे दोन पेग.

आणि सकाळचं कुणी बोलतच नाही. १०० मिली रक्तातला हा आकडा यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरवतं. रात्री एकला १५० असेल तर सकाळी सातला ६० उरतं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ते लवकर उतरत नाही. त्याच वेळी मुलांच्या शाळेच्या व्हॅन निघतात. मला खरी भीती त्याची वाटते.

रामबागवाला: ताई, सकाळचा मुद्दा मान्य. पण शून्य धरलं तर तुमच्याच हिशोबाने त्याला अकरापर्यंत घरी बसावं लागेल.

मालवकर: बसू दे की! २० मिलिग्रॅमलाच एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं जड जायला लागतं. राजवाड्याच्या गर्दीत आरसा, ब्रेक आणि मधेच धावत आलेलं पोर, सगळं एकदम बघावं लागतं. निदान बस, ट्रक आणि शाळेच्या व्हॅनच्या चालकांना तरी शून्य हवंच.

रामबागवाला: त्यांना शून्य, याला माझा पूर्ण पाठिंबा. घरच्या गाडीला मात्र नाही. आधी नाकाबंदीच्या जागा रोज बदला, गार्डनांच्या बाहेर तपासणी लावा. मग आकड्यावर भांडू.