चार सामने, एक गुण. गोलकीपर बदलायचा का?

उद्यमनगर_लेथ

मंडळी, रविवारचा सामना बघून आलोय. दोन दिवस जेवण गोड लागेना, म्हणून इथं लिहितोय. तालमीचं, म्हणजे आमच्या फुटबॉल संघाचं, नाव मुद्दाम घालत नाही. पोरांची आधीच पुरेशी नालस्ती झाली आहे.

केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये आमचे चार सामने झाले. पहिला पेनल्टीवर ०-१ गेला. दुसऱ्यात मध्यंतराला २-० पुढं होतो, शेवटी २-२. तिसरा ०-३. आणि रविवारी १-१ सुटणार असं वाटत असताना इंज्युरी टाइममध्ये गोल खाल्ला. चार सामन्यांत एक गुण, तोही हातातला सामना घालवून मिळालेला.

वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून शाहू स्टेडियमवर न्यायचे, तेव्हापासून मी या संघाचा आहे. हरणं मला नवीन नाही. १९८९ पासून मी प्रत्येक सामन्याची वही ठेवतो. आम्ही केलेला गोल निळ्या शाईनं, खाल्लेला लाल शाईनं, आणि पुढं चेंडू कुठल्या बाजूनं आला ते. या वर्षी पहिलंच पान लाल झालंय.

पण झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीनं. आमचा गोलकीपर १९ वर्षांचा आहे. पेठेतलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर. शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहे. रात्रपाळी करून सकाळी तसाच गांधी मैदानावर सरावाला येतो. रविवारी दुसरा गोल झाल्यावर आमच्याच पायऱ्यांवरून त्याच्या आईवरून शिव्या गेल्या. दुसऱ्या पेठेच्या लोकांनी दिल्या असत्या तर कान बंद केले असते. या आमच्या माणसांनी दिल्या, ज्यांच्या घरी तो गणपतीत आरतीला येतो त्यांनी.

सामना संपून अर्धा तास झाला तरी पोरगं गेटबाहेर मोटरसायकलवर बसून होतं. हातमोजे काढलेच नव्हते. उजव्या मोज्याच्या अंगठ्याची शिवण उसवली आहे, तिथं वायरमन वापरतात ती काळी टेप गुंडाळलेली. मी जवळ गेलो, पण काय बोलावं सुचेना. पाठीवर हात ठेवला. तो एवढंच म्हणाला, "काका, मला दिसला होता बॉल."

आता तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच रेटा चाललाय, गोलकीपर बदला. बदली म्हणून ३४ वर्षांचा जुना भिडू आहे. त्यानं तालमीसाठी खूप केलंय, त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण वही उघडली की मला वेगळं दिसतं. आठ गोल खाल्ले, त्यातले पाच आमच्या डाव्या बाजूनं आलेत. डावा हाफ चाल घेऊन वर जातो आणि परत येत नाही. बॅक एकटा पडतो, त्याच बाजूनं क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) येतो, आणि दोन्ही स्टॉपर (मधले बचावपटू) नि गोलकीपर तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. पाचही वेळा हेच. यात एकट्या पोराला फाशी कशाला?

जाणकारांनी सांगा. बदल गोलात करायचा की त्याच्या पुढं? आणि मी काही बोलायचं तर कुणाकडं बोलू?

एक_नंबर_जर्सी

काका, मी ११ वर्षं गोलात उभा राहिलोय, तुमच्या नव्हे, दुसऱ्या तालमीकडून. रविवारी तुमच्याच सामन्याला गोलपोस्टच्या मागं बसलो होतो, म्हणून ठामपणे लिहितो.

पोराचे हात चांगले आहेत, उडीही चांगली आहे. तो ओरडत नाही, एवढाच दोष आहे.

क्रॉस आला की गोलकीपरनं एका क्षणात ठरवून बोंब ठोकायची असते, "माझा!" किंवा "मार!" ती बोंब ऐकली की स्टॉपर बाजूला तरी होतो नाहीतर चेंडू भिरकावून तरी देतो. तुमच्या पोराचं तोंड उघडलं होतं, आवाज फुटला नाही. का? कारण पुढचे दोन्ही स्टॉपर त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. गल्लीत तो त्यांना दादा म्हणतो, त्यांच्यासमोर मान खाली घालून जातो. त्यांच्यावर भर मैदानात खेकसायचं कसं? आपल्याकडं हे संस्कार आहेत आणि चांगलेच आहेत, पण गोलसमोरच्या सहा यार्डांत या संस्कारांमुळंच गोल होतो. "मला दिसला होता बॉल" म्हणाला ना तो? दिसलाच होता. सांगता आलं नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मी असाच मुका होतो. आमच्या कॅप्टननं सगळ्यांसमोर सांगितलं, रेषेच्या आत इथं कुणी दादा नाही, हा काय ओरडेल ते ऐकायचं. मग सरावात मला प्रत्येक चेंडूला ओरडायला लावलं, घसा बसेपर्यंत. तीन आठवडे गेले, पण जमलं.

डाव्या बाजूचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. हाफ वर गेला की मधल्या फळीतल्या एकानं ती जागा धरलीच पाहिजे. पण तुम्ही आधी कॅप्टनला गाठा. ग्रुपवर लिहू नका, घरी जाऊन बोला.

शनिवारपेठ_७४

मला पटत नाही. राग मानू नका.

पोराबद्दल माया मलाही आहे आणि शिव्या देणाऱ्यांना स्टेडियममध्ये घेऊच नये या मताचा मी आहे. पण शिकवायला सराव आहे, लीग नाही. उरलेले सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तीन आठवडे घसा तापवण्यात गेले तर सीझन संपला. ३४ वर्षांचा माणूस उडी कमी मारेल, पण त्याच्या एका हाकेला अख्खी बचावफळी हलते. दोन सामने त्याला द्या, पोराला बेंचवरून बघू द्या. बसवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. उलट पुन्हा एखादा सामना त्याच्या हातून गेला तर ते पोरगं परत बूट घालणार नाही. असं झालेलं मी पाहिलंय.

रंकाळा_ते_व्हर्जिनिया

काका, मी १४ वर्षं अमेरिकेत आहे, वॉशिंग्टनजवळ. इथं मला बेसबॉलचं वेड लागलं. त्यातलंच एक सांगतो, कारण तुमची पोस्ट वाचताना २०१९ चा मे महिनाच आठवला.

आमचा संघ वॉशिंग्टन नॅशनल्स. ५० सामने झाले तेव्हा १९ जिंकलेले, ३१ हरलेले. न्यूयॉर्क मेट्सनं सलग चार सामन्यांत धुतलं होतं. दुखणं तुमच्यासारखंच, पुढं असलेले सामने शेवटी शेवटी घालवायचे. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा) दमला की उरलेल्या डावांसाठी दुसरे पिचर आणतात, ते आले की आमची आघाडी गेलीच म्हणून समजा. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा म्हणून सगळीकडं ओरड होती, आणि खरं सांगतो, त्या ओरडणाऱ्यांत मीही होतो. मालकांनी त्याला काढलं नाही. खेळाडूंना तो एकच सांगत राहिला, आजचा सामना तेवढा बघा. सीझन संपला तेव्हा ९३ विजय, ६९ पराभव. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकली, सातवा सामना ह्यूस्टनमध्ये जाऊन.

शनिवारपेठकरांचा मुद्दा मात्र खरा आहे. बेसबॉलचा सीझन १६२ सामन्यांचा, सावरायला वेळ मिळतो. आपल्या लीगमध्ये तो नाही. पण मे महिन्यात मार्टिनेझला काढलं असतं, तर ऑक्टोबर बघायला मिळाला असता असं मला वाटत नाही. तेव्हा जे ओरडलो त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि त्या पोराच्या मोज्यांचं माप कळवा. दिवाळीला माझा भाऊ येतोय, त्याच्याबरोबर चांगली जोडी पाठवतो.

उद्यमनगर_लेथ

सगळ्यांचे आभार. नंबर एकवाले, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. इतकी वर्षं वही लिहितोय, पण आवाजाचा रकाना माझ्या वहीत कधी नव्हता.

बुधवारी रात्री कॅप्टनच्या घरी गेलो. आधी तो गप्प होता, रविवारचा त्याच्याही मनाला लागलेला. मग म्हणाला, दोघंही सरावात गोलात उभे राहतील, रविवारचं शनिवारी ठरवू. शनिवारपेठकर, तुमचाही मुद्दा त्याच्या कानावर घातला. तो जुना भिडू स्वतःहून म्हणाला म्हणे, मी पोस्टमागं उभा राहतो आणि पोराला ओरडायला शिकवतो. हे ऐकून मला भरून आलं.

आज सकाळी सव्वासहाला वर्कशॉपला जाताना मुद्दाम गांधी मैदानावरून गेलो. धुकं होतं, पोरं नीट दिसत नव्हती. पण रस्त्यावर गाडी उभी केली आणि आतून आवाज आला, "माझा!" घोगरा, अर्धवट फुटलेला. मागून जुन्याचा आवाज, "मोठ्यानं!" मग परत, "माझा!"

व्हर्जिनियाकर, माप नऊ नंबर. रविवारी चारला सामना आहे, कोण उभा राहील ते अजून ठरलेलं नाही. दोघांपैकी कुणीही असो, वही घेऊन मी गोलपोस्टमागच्याच पायऱ्यांवर बसणार आहे. शिव्या देणाऱ्या त्या चौघांना आज संध्याकाळी चहाला बोलावलंय.