रिटायरमेंटचं वय वाढवा हो, पण पन्नाशीनंतर प्रायव्हेटवाल्याला ठेवतंय कोण?

लेथवाला
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी टर्नर, सगळी नोकरी प्रायव्हेटमध्ये, वय ५१. एक जुना दोस्त सरकारी ऑफिसात आहे, परवा त्याच्याशी बोलताना निवृत्तीचं वय वाढवायचा विषय निघाला तर गडी खूष, म्हणे चांगलंय की, अजून चार इन्क्रिमेंट पडतील, शेवटचा बेसिक वाढला की पेन्शनपण वाढली. मी गप्पच बसलो. मला आता मायक्रोमीटरची रेघ वाचायला खिशात भिंग ठेवावं लागतं आणि ते सुपरवायझरला दिसू नये म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. आमच्याकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आली तेव्हा सगळ्यात आधी घरी कोण गेलं, तर पन्नाशीपुढचे, म्हणजे जॉब (मशीनवर घडवलेला भाग) नुसता हातात घेऊन कुठे चुकलाय ते सांगायचे तेच लोक.
तर माझं म्हणणं असं की वय ६५ करा नाहीतर ७० करा, मधल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्यासारख्याने खायचं काय? आणि एकाला शेवटच्या पगारावर बांधलेली पेन्शन, दुसऱ्याला स्वतःच्या खात्यात जे साठलं तेवढंच, हे एकाच देशात कसं काय चालतं? भांडायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

बाकीशून्य
लेथवाले, दुखणं कळतंय पण हिशेब कुणाला चुकत नाही. बऱ्याच देशांत सरकारी पेन्शन म्हणजे तुमचा बाजूला ठेवलेला पैसा नसतोच मुळी, आज कामावर आहेत त्यांच्या पगारातून कापायचं आणि आज म्हातारे आहेत त्यांना वाटायचं. मुलं कमी जन्माला आली आणि म्हातारे जास्त जगले की गाडी अडलीच. जर्मनीत चॅन्सलर बिस्मार्कने १८८९ ला कायदा आणला तेव्हा पेन्शनचं वय ७० होतं, ६५ झालं ते १९१६ ला. त्या काळात सत्तरी गाठणारेच थोडे, खजिन्याला झळ कसली बसतेय! आता लोक रिटायर होऊन वीस-वीस वर्षं जगतात (जगोत, मलाही जगायचंय). डेन्मार्कने तर वय आयुर्मानालाच बांधून टाकलंय, २०४० पर्यंत ७० करायचं म्हणून त्यांच्या संसदेने २०२५ मध्ये पासही केलं. वाटा तीनच, जास्त कापा, कमी द्या नाहीतर उशिरा द्या. चौथी कुणाला सापडली तर सांगा.

चिडका_बिब्बा
सापडली की. पेन्शन सुरू व्हायच्या आधीच माणसाने निघून जायचं. खजिना खूष.
आणि हे सारखं आयुर्मान आयुर्मान काय लावलंय, जुन्या काळचं जे सरासरी आयुष्य सांगतात त्यात लहानपणी गेलेली पोरं धरलेली असतात, सरासरी वाढली ती बरीचशी पोरं जगायला लागली म्हणून. साठीला पोचलेल्या माणसाची पुढची वर्षं किती वाढली ते बघा, वाढलीत पण तेवढी नाहीत. त्यातपण साहेब आणि हमाल एकाच सरासरीत. साहेब नव्वदीपर्यंत पेन्शन घेणार आणि हमालाने भरलेला पैसा साहेबालाच जाणार. दोघांचं वय दोन वर्षांनी वाढवलं तर साहेबाचा चणा-फुटाणा जातो, हमालाचं अर्धं ताट जातं.

रात्रपाळी
सरकारी म्हणजे खुर्ची आणि पंखा हे आधी डोक्यातून काढा. मी सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. बेशुद्ध पेशंटची कूस बदलायची तर चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, एक दोन तीन म्हणायचं आणि ओढायचं, असं रात्रीतून किती वेळा ते मोजतच नाही कुणी. माझ्या जोडीची बाई ५७ वर्षांची आहे, ती तीन म्हणायच्या आधी डोळे मिटते, कळ येणार हे माहीत असतं ना तिला. तिला अजून पाच वर्षं ओढायला लावणार का?
दुसरं म्हणजे आमची पेन्शन काही कुणी खैरात वाटत नाही. पगार कमी घेतला, बदल्या सोसल्या, त्या वेळी हेच सांगितलं होतं की पुढे मिळेल. तो आमचा मागे ठेवलेला पगार आहे. लेथवालेदादा, तुम्हाला मिळत नाही याचं वाईट वाटतं, खरंच, पण म्हणून आमची कापा असं झालं की दोघं उपाशी, बाकी काय!

खातेवही
रात्रपाळीताई बरोबर बोलल्या पण भांडण सरकारी-प्रायव्हेट असं नाहीच आहे, भांडण आहे धोका कुणाच्या डोक्यावर याचं. शेवटच्या पगारावर पेन्शन असेल तर बाजार पडो, महागाई वाढो, माणूस शंभर वर्षं जगो, निस्तरायचं सरकारने. खात्यावरची असेल तर ते सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर. समजा दोघांनी तीस वर्षं सारखेच पैसे भरले, पण एक शेअर बाजार वर असताना रिटायर झाला आणि दुसरा पडल्यावर, तर दुसऱ्याला जन्मभर कमी मिळणार, चूक काय तर जन्मतारीख!
यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चिलीचं. तिकडे लष्करी राजवटीने १९८१ पासून कामगारांना खाजगी खात्यांवर टाकलं, पगाराचे १० टक्के कामगाराने भरायचे आणि मालकाचा वाटा बंद. पण सैन्य आणि पोलीस? ते जुन्याच सरकारी पेन्शनमध्ये राहिले. औषध इतकं गुणकारी होतं तर वैद्याने आपल्या घरात का नाही दिलं? पेन्शनी इतक्या तुटपुंज्या निघाल्या की लोक रस्त्यावर आले, आणि आता २०२५ च्या सुधारणेत मालकाचा वाटा परत आणावा लागला. पण म्हणून जुन्या पद्धतीचं बिल येतच नाही असं समजू नका, ते पोराबाळांच्या नावावर फाटतं, बाकीशून्य सांगतायत ते तेच आहे.

लेथवाला
सगळ्यांचे आभार, ताई तुमचे जास्त, मी सरकारी म्हणताना फक्त माझा दोस्तच डोळ्यासमोर धरला होता.
मला वाचून असं वाटलं की वय मोजण्यापेक्षा कामाची वर्षं मोजावीत. जो १८ व्या वर्षी हातात पान्हा घेतो आणि जो २६ पर्यंत शिकून मग खुर्चीत बसतो त्यांना एकच वय का? थोडं शोधलं तर जर्मनीत ४५ वर्षं भरणा झालेल्याला न कापता लवकर पेन्शन घेता येते, २०१४ पासून. फ्रान्समध्ये २०२३ ला ६२ चं ६४ करायच्या कायद्यावरून एवढे मोर्चे निघाले, पण त्यातही लहान वयात कामाला लागलेल्यांना आधी सुटायची सोय ठेवलीय. माझी आजवर ३२ भरलीत, त्यातली दीड कारखाना बंद होता तेव्हाची, ती धरणार की नाही देव जाणे.

रात्रपाळी
दादा, वर्षं मोजायला लागलात की बायका मागे पडतात बघा. मी दोन बाळंतपणं आणि सासूबाईंचं आजारपण मिळून सहा वर्षं बिनपगारी होते, कामावर नव्हते असं मला तरी कधी वाटलं नाही.

लेथवाला
हे माझ्या डोक्यातच आलं नाही ताई. आत्ता हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, माझी २४ लिहून ठेव, कुठल्या खात्यात टाकायची ते तुमचं ठरलं की सांगा.