पाच पोशाख एका फ्रेममध्ये आले की बहुसांस्कृतिकता टिपली?

जुनी रीळ:
परवा इथे एक सल्ला वाचला. गर्दीच्या चौकात उभे राहा, वेगवेगळ्या वेशातली माणसं एका फ्रेममध्ये येईपर्यंत थांबा, कुणाला विचारू नका, विचारलं की सहजपणा जातो. खाली नुसता वाहवांचा पाऊस. मला राहवलं नाही.

सिग्नलला शेजारी थांबलेली माणसं एकत्र जगत असतातच असं नाही. आमच्या जिन्यात दोन शेजारणी उभ्या असतात, एकीला दुसरीची भाषा येत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर बोट ठेवायचं, मग दोन बोटं दाखवायची, म्हणजे दिवसातून दोनदा. माझ्या लेखी फोटो हा आहे. कपडे दोघींचे अगदी साधे. पण तो मिळायला त्या जिन्यात तुमचं येणंजाणं लागतं.

तिसरा मजला:
म्हणजे ओळखीच्यांचेच फोटो काढायचे? मग रस्त्यावरचं छायाचित्रण बंदच करा. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिआ लँगने १९३६ मध्ये त्या गाजलेल्या 'मायग्रंट मदर'चे, म्हणजे स्थलांतरित आईचे फोटो काढले तेव्हा तिचं नावही विचारलं नव्हतं. ती विचारपूस करत बसली असती तर तो चेहरा मिळाला असता?

जुनी रीळ:
उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे त्या आईचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. ती चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशाची होती आणि चाळीस वर्षं लोक तिला गोरी शेतमजूर समजत राहिले. तिची संस्कृतीच फोटोतून गळून पडली, कारण विचारलं नाही!

सावलीवाला:
तुम्ही विचारण्यावर भांडताय, आम्हा सावळ्यांचा चेहरा तरी फोटोत येतो का ते आधी बघा. ऑफिसचा ग्रुप फोटो, मागे पांढरी भिंत, अकरा जण. नऊ जण छान आले. मी आणि एक सहकारी, नुसते दात आणि शर्टाची कॉलर. ती म्हणाली, "मी त्या दिवशी आले होते याला पुरावा नाही." तो फोटो वर्षभर भिंतीवर होता.

एफ आठ:
हे भौतिकशास्त्र आहे, भेदभाव नव्हे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळं दृश्य मधल्या करड्या छटेवर आणू बघतो. भिंत पांढरी असली की तो एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, कमी करतो आणि सावळा चेहरा बुडतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा, म्हणजे फक्त तेवढ्या जागेचा प्रकाश मोजा, प्रश्न मिटला.

सावलीवाला:
मिटला? रंगीत प्रिंट जुळवायला लॅबमध्ये जे कोडॅकचं 'शर्ली कार्ड' असायचं, त्यावर कित्येक वर्षं गोरीच बाई होती. तेही भौतिकशास्त्र? गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली म्हणून. माणसांसाठी नाही!

एफ आठ:
कार्डाचं मान्य. पण आज फोटो काढणाऱ्याच्या हातात सगळं आहे. त्याने भिंतीपासून लोकांना पुढे घेतलं नाही, हा त्याचा आळस. यंत्राला शिव्या देऊन काय होणार?

सावलीवाला:
आळस नेमका आमच्याच चेहऱ्यापाशी का येतो, एवढं सांगा.

तिसरा मजला:
धागा कुठे चाललाय? मूळ मुद्दा परवानगीचा होता.

काजळरेघ:
मग परवानगीबद्दल माझं ऐका. माझी आई रेल्वेत खिडकीला डोकं टेकून झोपली होती. कुणीतरी फोटो काढला. काही महिन्यांनी तो एका प्रदर्शनात लागला, खाली शीर्षक 'परंपरा'. आईने तीस वर्षं गणित शिकवलं. त्या दिवशी मांडीवर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. फ्रेम गठ्ठ्याच्या वर कापली होती. ती चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मला एवढंच म्हणाली, "पेपर कुठे गेले?"

तिसरा मजला, तुम्हाला सहजपणा हवा असतो ना? उत्तरपत्रिकाही सहजच होत्या.

तिसरा मजला:
हे वाईट झालं, यात वाद नाही. पण तो दोष कात्रीचा आणि शीर्षकाचा. न विचारता काढलेला प्रत्येक फोटो चोरी ठरवू नका. चौकात उभं राहणं मी सोडणार नाही. फार तर फोटो काढून झाल्यावर जाऊन दाखवीन, नाव विचारीन. आधी नाही.

जुनी रीळ:
आणि ती नको म्हणाली तर?

तिसरा मजला:
तर पुसेन. जीवावर येईल, पण पुसेन.

सावलीवाला:
दाखवाल तेव्हा चेहरा दिसतोय ना, तेही बघा.