खडपावरची कालवं आणि खाडीतली कालवं: जात एकच का?

खडपकर_९०
गावी आलोय, रत्नागिरीजवळ. खडपावरची (समुद्रकाठच्या कातळावरची) कालवं, म्हणजे ऑयस्टर, बारकी, कडा करवतीसारख्या, कोयतीने ठोकल्याशिवाय सुटत नाहीत. आणि खाडीच्या चिखलातली लांबट, जिभेसारखी, वीतभर. काकी म्हणते जात एकच, जागा बदलली की आकार बदलतो. नेटवर बघायला गेलो तर ऑस्ट्रिया, सॅकोस्ट्रिया, क्रासोस्ट्रिया, मॅगालाना अशी नावंच नावं, डोकं फिरलं. आणि भाचा विचारतोय यात मोती सापडतो का 😀

चिखलातला_मास्तर
काकी अर्धी बरोबर आहे. कालव एकदा चिकटलं की जागा सोडत नाही, मग दगडाच्या फटीत असेल तर फटीसारखं वाढतं आणि चिखलात दाटीवाटीने असेल तर वर उभं लांब वाढतं, त्यामुळे नुसत्या आकारावरून जात सांगणारे बरेचदा तोंडावर आपटलेत. पण तुमच्याकडे बहुतेक दोन वेगळी आहेत. शिंपला उघडून बिजागरीच्या आजूबाजूला आतल्या कडेला बघा, मोहरीसारखे बारीक दाणे असतील तर सॅकोस्ट्रिया. नसतील आणि स्नायू चिकटतो तो डाग गडद जांभळा असेल तर मद्रासेन्सिस, पांढरट असेल तर ग्रिफॉइडिस, या दोन्ही क्रासोस्ट्रियातल्या जाती.
मोत्याचं विसरा. मोत्याचा शिंपला पिंक्टाडा, त्याचं कुटुंबच वेगळं.

सोळा_एस
मास्तरांच्या पुढे थोडं. आपल्या खडपावरच्या कालवावर आवटी आणि राय यांनी १९३१ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला, नाव 'मुंबईचं कालव', तेव्हा त्याचं शास्त्रीय नाव ऑस्ट्रिया कुकुलाटा होतं. पुढे सॅकोस्ट्रियात गेलं, कारण खऱ्या ऑस्ट्रियातली मादी पिल्लं काही दिवस कल्ल्यांपाशी सांभाळते, ही मात्र अंडी सरळ पाण्यात सोडून मोकळी होतात. गंमत म्हणजे कुकुलाटा हे नाव मुळात १७७८ मध्ये अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरच्या कालवाला दिलेलं! २००६ मध्ये हिंद-प्रशांत महासागरातल्या या कालवांचा १६एस नावाचा जीन (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातला) तपासला तर एका नावाखाली अनेक वेगवेगळे वंश निघाले. म्हणजे आपलं कालव नक्की कोण, हे नावावरून ठरत नाही.

पोर्तुगीज_नाही_मी
मॅगालानाचं भांडण नवं आहे. डीएनएवरून दिसलं की आशिया-पॅसिफिककडची खोलगट कालवं अमेरिकेच्या व्हर्जिनिका या कालवापासून फार जुन्या काळी फुटली, म्हणून २०१७ च्या सुमारास त्यांना दर्यावर्दी मॅगेलनवरून नवा जीनस (जवळच्या जातींचा गट) दिला, तोच मॅगालाना. लगेच बऱ्याच संशोधकांनी विरोध केला, इतक्या वर्षांचं शेतीचं नि संशोधनाचं लिखाण क्रासोस्ट्रिया नावाने पडलंय ते कशाला मोडायचं. माझं मत विचाराल तर चूक कुणाचीच नाही, पण जेवणाच्या पानात दोन्ही सारखीच 😄
आणि युरोपातलं 'पोर्तुगीज' कालव आठवा, फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने १८१९ मध्ये वेगळी जात म्हणून नाव दिलं, फ्रान्सात वर्षानुवर्षं पिकवलं, १९७० च्या आसपास रोगाने साफ गेलं, आणि १९९८ मध्ये डीएनए सांगतो की हे तर तैवानकडून आलेलं. गिगास या जपानी कालवाशी त्याचा संकर होतो, पिल्लं प्रजननक्षमही निघतात, तरी जीन्स वेगळे ओळखू येतात, मग एक जात म्हणायची की दोन?

खडपकर_९०
सगळ्यांचे आभार. काकीने तोवर दोन्हीची कालवणं करून टाकली, पण शिंपले अंगणात पडलेले मिळाले. खडपावरच्यांत दाणे स्पष्ट. खाडीवाल्यांत दाणे नाहीत, पाचातल्या चारांत डाग जांभळा. पाचव्यात पांढरा.
आता तो पाचवा घेऊन काकीसमोर कोण जाणार?