'लेगसी'ला मराठीत काय म्हणायचं? वारसा, ठसा की देणं?

रानजाई
एका दिवाळी अंकासाठी लेख अनुवादित करते आहे. अमेरिकेत सत्तांतर होताना जाणाऱ्या अध्यक्षाच्या कारकिर्दीचा निवाडा कसा होतो, हा विषय. मुख्य उदाहरण लिंडन जॉन्सन यांचं. २० जानेवारी १९६९ ला त्यांनी निक्सन यांच्याकडे सूत्रं दिली तेव्हा व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर अमेरिकन सैनिक होते. आणि याच माणसाच्या सहीने १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला होता.

लेखात जागोजाग 'लेगसी' येतं. मी सगळीकडे 'वारसा' लिहिलं. संपादकांनी "व्हिएतनाम हा जॉन्सन यांचा सर्वांत जड वारसा ठरला" या वाक्यावर काट मारली. वारसा चांगल्या गोष्टीचाच असतो, युद्धाला वारसा म्हटलेलं कानाला खटकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी 'कलंक' सुचवला. तो मला मान्य नाही, कारण कलंक म्हटलं की निकाल लागून गेला. हा लेख तर निकाल इतक्या लवकर लागत नाही हेच सांगतोय. चांगलं-वाईट दोन्ही पोटात घेणारा शब्द सुचवा.

सातबारा
'वारसा चांगल्याचाच' ही वर्तमानपत्रांनी लावलेली सवय आहे. जागतिक वारसा स्थळ, सांस्कृतिक वारसा, हे सारखं छापून छापून शब्दाला सोन्याचा मुलामा बसला. मी महसूल खात्यात होतो. खातेदार मयत झाला की गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंद होते, मग फेरफार. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, त्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला असतो. बापाचं नाव कमी होऊन पोरांची नावं लागतात, बोजा मात्र जिथल्या तिथे राहतो. चावडीत उतारा हातात घेतल्यावर लोक आधी क्षेत्र बघायचे, मग बोट सरकत त्या रकान्यावर यायचं आणि तिथेच थांबायचं. जमीन माझी, बोजा नको, असं म्हणायची सोय नाही. तेव्हा 'जड वारसा' शंभर टक्के मराठी आहे. रानजाईताई, वाक्य बदलू नका.

परसदार
वारस, वारसा हे शब्द अरबीतून आलेले. आपल्याकडे 'दाय', म्हणजे वाडवडिलांकडून येणारी मिळकत, हा शब्द असताना उसनवारी कशाला? दायभाग, दायाद हे धर्मशास्त्रातले शब्द आहेत, आणि 'दायित्व'ही 'दा' या धातूवरूनच आलंय. म्हणजे मिळकत आणि जबाबदारी एकाच धातूत बसतात. ताईंना हवं होतं ते हेच. "जॉन्सन यांचा दाय" असं बिनदिक्कत लिहा. चार वर्षं छापलं की रुळेल. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आज मेयर कोण म्हणतं?

अबोली
महापौर रुळला कारण तो वाचताक्षणी समजतो. "जॉन्सन यांचा दाय" वाचून माझ्या सासूबाई विचारतील, कुठल्या दाईबद्दल चाललंय. आणि वारसा परका कसा? तारीख, कायदा, वकील, हुकूम हेही बाहेरूनच आले. 'कायदा' काढून टाकलात तर ताईंच्या लेखातले निम्मे विषयच नाहीसे होतील.

माझं मत 'ठसा'. कारकिर्दीचा ठसा चांगलाही असतो, वाईटही.

सातबारा
ठसा उमटवणाऱ्याचा असतो. तो कुणाच्या पदरात पडत नाही. वारसा म्हटलं की घेणारा कुणीतरी लागतो. इथे घेणारा महत्त्वाचा.

भीमथडी
आमच्या बारामतीकडे म्हातारा कर्ज ठेवून गेला तर "देणं ठेवून गेला" म्हणतात. आणि गोड गळ्याला "देवाचं देणं" म्हणतात. एकच शब्द, दोन्ही अर्थ, आणि अस्सल घरचा. परसदार, तुमच्या 'दा' धातूचंच हे नातवंड आहे, पण बोलतं नातवंड. "जॉन्सन यांनी अमेरिकेला ठेवलेलं देणं." यात व्हिएतनामही आलं आणि मतदान हक्कही.

रानजाई
'देणं' मला फार आवडलं. अडचण एवढीच की "जॉन्सन यांचं देणं" असं सुटं लिहिलं तर जॉन्सन कुणाचे पैसे लागत होते असा अर्थ निघतो. तुम्ही 'ठेवलेलं' घातलंत म्हणून चाललं. मथळ्यात कसं बसवायचं?

उमरावती
माझ्या मते वारसा आणि वसा हे मुळात एकच असणार. 'र' गळाला असावा. आजी शुक्रवारच्या कहाण्या वाचायची, त्यात "उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस" यायचं. घराण्यात चालत आलेलं व्रत म्हणजे वसा, चालत आलेली मालमत्ता म्हणजे वारसा. अर्थ इतके जवळचे आहेत की हा योगायोग वाटत नाही.

परसदार
'वारिस' अरबी, आणि वसा व्रताचा. 'र' गळण्याचा प्रश्नच येत नाही.

भीमथडी
व्युत्पत्ती राहू द्या, उमरावतीताईंनी फरक मात्र छान दाखवला. वारसा न मागता येतो, वसा घ्यावा लागतो. आधीचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर पाचव्या दिवशी, २७ नोव्हेंबर १९६३ ला जॉन्सन काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, उभे राहिले आणि म्हणाले की केनेडींच्या स्मृतीचा खरा मान त्यांचं नागरी हक्क विधेयक लवकरात लवकर मंजूर करण्यात आहे. टेक्सासचा, म्हणजे दक्षिणेतला माणूस हे बोलत होता. व्हिएतनाम त्यांच्याकडे वारशाने आलं, तेव्हा तिथे सोळा हजारांच्या आसपास अमेरिकन लष्करी लोक होते. नागरी हक्क हा त्यांनी घेतलेला वसा. एकाच खुर्चीबरोबर दोन्ही आले.

रानजाई
हे मी लेखाच्या प्रस्तावनेत वापरू का? फार उपयोगी आहे.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. जॉन्सन म्हटलं की सगळे व्हिएतनाम आणि नागरी हक्क एवढंच बोलतात. ३ ऑक्टोबर १९६५ ला त्यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा. सगळ्या भारताचा! सही करताना जॉन्सन स्वतः म्हणाले होते की हा काही क्रांतिकारी कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. माझे काका व्हीजेटीआयचे इंजिनियर, याच कायद्यामुळे इकडे आले, त्यांच्यामागून आमचं अर्धं घर आलं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर दुकानांच्या पाट्या बघत चाललात की 'वारसा' म्हणजे काय ते कळतं. पण काकांच्या बैठकीत फोटो केनेडींचा आहे. जॉन्सन यांचं नाव आमच्या घरात मी कधी ऐकलं नाही.

तेव्हा सातबारा म्हणतात तसा घेणारा महत्त्वाचा हे खरं, पण कुणाकडून मिळालं हे घेणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही. यासाठी काही शब्द आहे का?

सातबारा
महसुलात नाही.

खतावणी
व्यवसायाने सीए. सरळ 'ताळेबंद' म्हणा ना. "जॉन्सन यांच्या कारकिर्दीचा ताळेबंद." मालमत्ता एका बाजूला, देणी दुसऱ्या बाजूला, वाचणाऱ्याला लगेच कळतं. वर्तमानपत्रांत रुळलेलाही आहे.

रानजाई
ताळेबंद ठरावीक तारखेचा असतो, तिथेच माझी गाडी अडते. २० जानेवारी १९६९ चा ताळेबंद मांडला तर जॉन्सन बुडीत निघतात. मार्च १९६८ मध्येच त्यांना 'मी पुन्हा उभा राहणार नाही' असं जाहीर करावं लागलं होतं. ते वारले २२ जानेवारी १९७३ ला, टेक्सासमधल्या आपल्या रँचवर. पॅरिसचा शांतता करार झाला २७ जानेवारीला. पाच दिवस! तो पाहायलाही ते राहिले नाहीत. मग तारीख कुठली धरायची?

ट्रुमन यांचंही तसंच. फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅलपच्या पाहणीत त्यांची पसंती २२ टक्क्यांवर होती. पुढे इतिहासकारांनी मार्शल योजना, नाटो, सैन्यातला वर्णभेद संपवणारा १९४८ चा आदेश हे सगळं जमेला धरलं आणि आज त्यांचं नाव पहिल्या दहांत असतं. उलटही होतं. जॉन्सन यांच्या मतदान हक्क कायद्याचा कणा असलेली तरतूद २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केली. जमेची बाजू अठ्ठेचाळीस वर्षांनी कमी झाली. असा ताळेबंद कुठला सीए सही करून देईल?

खतावणी
मुद्दा पटला. पण 'वारसा'तही तारीख येतेच की, मृत्यूची. इथे तर माणूस जिवंत असून पद गेलंय. जिवंतपणी वारसा कसा?

अबोली
हा प्रश्न खरा. कार्टर १९८१ च्या जानेवारीत हरून गेले आणि १०० वर्षं जगून २०२४ च्या डिसेंबरात वारले. त्यांचं बरंचसं नाव झालं ते पद सोडल्यावर. गिनी वर्म म्हणजे आपला नारू. १९८६ मध्ये जगात पस्तीस लाखांच्या आसपास रुग्ण होते, कार्टर सेंटरने पुढाकार घेतला, आता वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतात. ही अध्यक्षपदाची लेगसी की माणसाची?

सातबारा
नारू आमच्याकडे पायविहिरींमुळे होता. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचे. पायातून निघालेला नारू काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढताना मी लहानपणी पाहिलाय. पण भारतातला नारू आपल्या आरोग्य खात्याने घालवला, गावोगावच्या विहिरींत औषध टाकून. १९९६ नंतर रुग्ण नाही. ते श्रेय कार्टर यांच्या खात्यावर टाकू नका.

अबोली
मी जगाचं म्हटलंय, भारताचं नाही.

डेस्कवरून
पंचवीस वर्षं वृत्तपत्रात काढली म्हणून सांगतो, 'लेगसी'पेक्षा मोठी चूक दुसरीकडे होते. 'ॲडमिनिस्ट्रेशन'ला आम्ही सगळे 'प्रशासन' लिहितो. जॉन्सन प्रशासन, कार्टर प्रशासन. मराठीत प्रशासन म्हणजे जिल्हाधिकारी, तहसीलदार, मंत्री बदलले तरी जागेवर राहणारी माणसं. मग 'प्रशासन बदललं' याचा अर्थ बदल्या झाल्या असा होतो. रानजाईताई, तुम्ही 'सरकार' लिहा.

एडिसनकर
सरकार म्हटलं की इकडे गोंधळ होईल. इकडच्या व्यवस्थेत काँग्रेस, न्यायालयं आणि अध्यक्ष मिळून सरकार होतं. अध्यक्ष बदलला तरी सरकार तेच. बदलतात ती अध्यक्षाने नेमलेली माणसं, चारेक हजार पदं असतात, त्यातल्या हजारावर पदांना सिनेटची मंजुरी लागते. इथे वरची बाबू मंडळीही अध्यक्षाबरोबर जातात. म्हणून प्रशासनच बरोबर.

परसदार
'कारभार' आहे ना. 'जॉन्सन यांचा कारभार संपला.' कुणालाही कळेल.

अबोली
परसदार, कारभारातला 'कार' फारसी आहे असं कुणी म्हटलं तर काय कराल? 'कारकीर्द' तर आहेच फारसी.

परसदार
'कार' संस्कृत 'कार्य'शीही जोडता येतो. आणि माझा विरोध शब्दाच्या जातीला नाही, आपले शब्द आळसाने मरू देण्याला आहे. दाय, ऋण, उत्तरदायित्व हे शब्द कुणी वापरलेच नाहीत तर पन्नास वर्षांनी ते फक्त कोशात उरतील. हे मला मनापासून लागतं.

डेस्कवरून
'मावळते अध्यक्ष' हाही विचार करून वापरावा. मावळता म्हटलं की तेज गेलेला. पण २० जानेवारीच्या दुपारी बारापर्यंत सगळे अधिकार शाबूत असतात. जॉन ॲडम्स यांनी १८०१ मध्ये हरल्यानंतर, जाता जाता जॉन मार्शल यांना सरन्यायाधीश नेमलं. मार्शल १८३५ पर्यंत त्या खुर्चीवर होते. कार्टर यांनी अलास्कातली दहा कोटी एकरांवर जमीन राखीव करणाऱ्या कायद्यावर २ डिसेंबर १९८० ला सही केली, म्हणजे हरल्यावर महिन्याभराने. याला मावळणं कसं म्हणायचं?

रानजाई
मंडळी, 'मावळते' आणि 'प्रशासन' यांसाठी वेगळा धागा काढू. माझं वाक्य अजून तिथेच आहे. 'जड वारसा' ठेवायचं, की भीमथडींचं 'ठेवलेलं देणं' घ्यायचं?

भीमथडी
देणं घ्या. आणि जॉन्सन यांच्या देण्यात भारताचं पान जोडा. १९६५ ते ६७ मध्ये पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्य मदत कायद्याखालचा, गहू ते महिन्या-महिन्याच्या बोलीवर सोडायचे. व्हिएतनामवर भारताने टीका केलेली त्यांना सहन होत नव्हती. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते त्याच काळात. माझे वडील पुढे आयुष्यभर सोमवारी रात्री जेवले नाहीत.

खतावणी
पण त्या टंचाईच्या धक्क्यानेच इथे शेतीकडे लक्ष गेलं, संकरित बियाणं आलं. ते कुठल्या बाजूला मांडायचं?

भीमथडी
धक्का देणाऱ्याच्या जमेला तर नाहीच. कष्ट इथल्या शेतकऱ्याचे आणि शास्त्रज्ञांचे.

उमरावती
गाजरगवतही त्याच गव्हातून आलं म्हणतात. आमच्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. ते अमेरिकन काँग्रेसवरून पडलं असेल का?

सातबारा
नाही हो. पांढऱ्या फुलांमुळे, गांधी टोपीवरून. आणि ते पुण्यात पन्नासच्या दशकातच दिसलं होतं, जॉन्सन यांच्या बरंच आधी. मिलोचं, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीचं म्हणाल तर तीही जॉन्सन यांची नव्हे. तांबडी मिलो आम्ही ७२ च्या दुष्काळात खाल्ली, तेव्हा निक्सन होते.

भीमथडी
आमच्याकडे मिलो ६६ लाच रेशनवर आली होती. आई तिच्या भाकरीला पाणी कमी घालायची, थापताना चिरायची म्हणून.

सातबारा
७२. सुकडीबरोबर. रोजगार हमीच्या कामावर.

भीमथडी
सुकडी ७२ ची, मान्य. मिलो त्याआधीची. आत्याला विचारून सांगतो, ती तेव्हा दौंडच्या रेशन दुकानासमोर राहायची.