सशाला उपाशी कुणी ठेवलं? लहान जनावरांच्या शुश्रूषेला वेगळा शिकलेला माणूस लागतो की नाही

पट्टीवाला_लातूर

चूक माझी हाय हे आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. मी लातुरात कुत्र्या-मांजराच्या दवाखान्यात मदतनीस, त्याआधी सहा वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली. मागच्या महिन्यात एक ससा आला, जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, पू झालेला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. संध्याकाळी घरच्यांचा फोन आला की खायला काय घालू, डॉक्टर नव्हते अन मी सवयीनं सांगून टाकलं, रात्री नऊनंतर काही देऊ नका, पाणी बी नको. कुत्र्याला सांगतो तेच.

कुत्रं भुलीत उलटी करतं, ती श्वासात जाऊ शकते म्हणून उपास. सशाला उलटी करताच येत नाही, त्याचं आतडं सारखं चालू राहावं लागतं, पोटात चारा जायचा थांबला की आतडंच थांबतं अन मग गॅस धरतो. तोंडात घास राहू नये म्हणून तास-दोन तास उपाशी ठेवलं तरी पुरे, हे मला आता माहीत झालंय. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी पिंजरा झाडताना बघितलं की एक पण लेंडी नाही. मला वाटलं खाल्लंच नाही तर लेंडी कुठून येणार, म्हणून कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पोट डब्ब, कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेला, दात करकर वाजायले. डॉक्टरांनी सलाईन दिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

तर माझं म्हणणं असं की आपल्या मराठवाड्यात लहान जनावरांच्या दवाखान्यात माझ्यासारखे गुरांवर हात बसलेले लोक धकवून न्यायलेत, ते बंद व्हावं, यासाठी वेगळं शिकवलेला माणूस पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

जुना_खोडा

लेकरा, वाईट वाटलं. पण तुझं निदान चुकलंय. मी व्रणोपचारक, म्हणजे गुरांच्या दवाखान्यात जखमा-पट्टी करणारा, म्हणून रिटायर झालो, बीड जिल्ह्यात चार तालुके फिरलो. कोर्स केलेली पोरं बी बघितली, कागद हातात अन वासराच्या लाथेत पाय. जनावर धरायचं हाताला कळावं लागतं, ते वहीत नसतं. बैल खोड्यात घालताना त्याच्या कानाकडं बघून मी सांगायचो आता हा उसळणार. ते कुणी शिकवलं मला? कुणीच नाही.

तुझा ससा गेला तो तू डॉक्टरला विचारलं नाहीस म्हणून. त्याला कोर्स कशाला, फोन पुरे होता.

माऊची_आई_नांदेड

अण्णा तुमचा मान ठेवून बोलते, पण विचारायला आधी शंका यावी लागते ना, शंका येण्याइतकं तरी माहीत पाहिजे. पट्टीवाल्या दादांना शंकाच आली नाही.

माझंच सांगते. आमच्या बोक्याला ताप होता म्हणून मी ओळखीच्या एकाला विचारलं, जनावरांत काम करतो म्हणून लोक त्यालाच विचारतात, तो म्हणाला अर्धी पॅरासिटामॉल द्या, आम्ही वासराला देतो. मी दिली. तीन-चार तासांत बोक्याचा चेहरा सुजला अन हिरड्या चॉकलेटी झाल्या, गुलाबी नाहीत, चक्क चॉकलेटी. मांजराच्या लिव्हरला हे औषध पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन न्यायचं बंद करतं. माणसाच्या मेडिकलवरून एन-असिटाइलसिस्टीन आणून दिलं तेव्हा वाचला. आणि खरं सांगू, ओळखलं ते डॉक्टरांनी नाही, दवाखान्यातल्या एका मुलीनं. मी बोक्याची पिशवी टेबलावर ठेवली, तिनं ओठ वर करून बघितलं अन आत पळाली. ती पुण्याला एका पेट क्लिनिकमध्ये दोन वर्षं शिकून आलेली होती.

जुना_खोडा

बघा, म्हणजे काम करून शिकली. मी काय वेगळं बोललो?

पट्टीवाला_लातूर

अण्णा, पण मांजरावर काम करून शिकली ना, म्हशीवर नाही.

कोरडवाहू_जालना

माफ करा पण हे वाचून हसू पण येतं अन राग पण येतो. 2022 ला लम्पी आला तेव्हा आमच्या गावात बैलाला लस टोचायला माणूस मिळंना. पाच गावांना एक दवाखाना, त्याला बी बहुतेक दिवस कुलूप. एका बैलजोडीवर घरातली सहा माणसं. अन तुम्ही सशाच्या उपासावर चर्चा करायलेत. शिकवायचंच असलं तर जनावरांचं शिकवा, ते आधी.

माऊची_आई_नांदेड

मग काय मांजर जनावर नाही का? तुमचा बैल तुम्हाला प्यारा तसा माझा बोका मला. अन लम्पीत माणूस मिळाला नाही हे माझ्या बोक्यामुळं झालं नाही.

गोठा_ते_टेबल

मी पशुवैद्यक, परभणीत शिकलो, आता प्रॅक्टिस लहान जनावरांची. कोरडवाहूंचा मुद्दा मला टाकून द्यावासा वाटत नाही, पण तो या धाग्याचं उत्तर नाही.

माझी अडचण वेगळीच आहे अन ती कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. आज मी पोराला सलाईन लावायला, टाके काढायला, भूल उतरेपर्यंत बसायला शिकवलं तर सहा महिन्यांत तो आपल्या गावाकडं बोर्ड लावून बसतो. झालंय माझ्या बाबतीत, दोनदा. 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, त्यात कलम 30 सांगतं की किरकोळ सेवा पण नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली अन मार्गदर्शनाखालीच. नर्सला नर्सचं काम करू द्या याला माझी ना नाही, पण इकडं नर्स अन डॉक्टर यांच्यातली रेघ पावसात धुऊन जाते. मग मी कशाला शिकवू? त्यापेक्षा झाडलोट करणारा ठेवतो, बाकी मीच करतो.

पांढरा_उंदीर_संभाजीनगर

डॉक्टर साहेब, तुम्ही एकटे सगळं करता म्हणजे रात्री अडीचला पिंजऱ्यापाशी कोण असतं ते पण सांगा.

मी औषधनिर्माण कॉलेजच्या प्राण्यांच्या घरात तंत्रज्ञ आहे, उंदीर, घुशीएवढे पांढरे रॅट, गिनी पिग, ससे. बाहेर लोकांना वाटतं आम्ही जनावरं छळतो, ते राहू द्या, तो वाद इथं नको. पण आमच्याकडं एक गोष्ट आहे जी मला एकाही पेट क्लिनिकमध्ये दिसली नाही, ती म्हणजे वही. खोलीचं तापमान सकाळ-संध्याकाळ, दमटपणा, पाण्याची बाटली किती उतरली, खाणं किती उरलं, वजन, रोज, सही करून. संस्थेची प्राणी नीतिमत्ता समिती असते, तपासणी येते तेव्हा वही नसली तर काम बंद. भीतीनं का होईना लिहिलं जातं. पट्टीवाला भाऊंना लेंडी दिसली नाही तेव्हा वहीत लेंडीचा रकाना असता तर तो रिकामा राहिलेला सकाळी डॉक्टरांना दिसला असता, त्यांना शंका येवो न येवो.

अन लहान म्हणजे किती लहान ते पण कळू द्या. 25 ग्रॅमचा उंदीर असतो, त्याच्या सगळ्या अंगात मिळून दोन मिलीच्या आत रक्त. सुई काढताना दोन थेंब सांडले तर ते माणसाचं पाव लिटर सांडल्यासारखं झालं. तोंडानं औषध द्यायचं तर एका वेळी पाव मिली, त्याच्यावर नाही. गिनी पिगला माणसासारखंच सी जीवनसत्त्व बाहेरून लागतं, ते चाऱ्यातून मिळालं नाही की सांधे सुजतात अन ते चालायचं थांबतं, लोक म्हणतात पडलं असेल. त्याला पेनिसिलिन दिलं की आतड्यातले चांगले जंतू मरून जनावरच जातं. म्हशीला रोज टोचणाऱ्या हाताला हे कसं माहीत असणार, त्यात त्याचा काय दोष.

एक मात्र अण्णांच्या बाजूनं बोलतो. बी फार्मला आता प्राण्यांचे प्रयोग सॉफ्टवेअर अन व्हिडिओवर दाखवतात, चांगलंच आहे, पण त्यामुळं उंदीर हातात धरलेला नवा माणूसच मिळत नाही. मागं एक पोरगा आला, सगळं पाठ, उंदीर शेपटीच्या टोकाला धरून उचलला. शेपटीची कातडी सोलून हातात आली असती. मी त्याला पुठ्ठ्याची नळी दिली, म्हणलं उंदराला नळीत जाऊ दे अन नळी उचल. 2010 पासून हे लिहून ठेवलेलं आहे की शेपटीनं उचललेला उंदीर माणसाला भीत राहतो अन नळीतला नाही. पोराला ती ओळ माहीत होती! परीक्षेत लिहिली होती म्हणे.

जुना_खोडा

हा, हे बोलला माणूस.

गोठा_ते_टेबल

वहीचं पटलं. रात्री अडीचला कोण असतं याचं खरं उत्तर म्हणजे कुणी नसतं. भूल पूर्ण उतरल्याशिवाय मी सोडत नाही, पण त्यानंतर घरी पाठवतो, सांगतो लक्ष ठेवा. बाकी बिकट केस उदगीरला नाहीतर परभणीला कॉलेजात पाठवतो. पगाराचं काय करू सांगा, रात्रीचा माणूस ठेवायचा तर एका नसबंदीचे पैसे त्याच्याच खिशात.

पट्टीवाला_लातूर

सर राग मानू नका पण भूल उतरेपर्यंतचंच बघा. मे महिन्यात बाहेर 43 होतं, आमचं एक पिल्लू ऑपरेशननंतर 96 फॅरनहाइटवर, कुत्र्याचं नॉर्मल 101 ते 102 च्या आसपास धरतो आपण. स्टीलचं टेबल, पोटावर स्पिरिट अन कूलर सरळ अंगावर, भुलीत त्याला कुडकुडता पण येईना. मला वाटायचं मराठवाड्यात उन्हाळ्यात कुणी गारठून कसं जाईल. गाईला कधी अंग पुसून गुंडाळायची वेळच आली नव्हती, तिचं अंगच एवढं मोठं. मग गरम पाण्याची बाटली घेतली अन तिथं पण चूक, नुसतीच ठेवली, टॉवेल न गुंडाळता, कातडीला चट्टा पडला. गार पडलेल्या पिल्लाला दूध आधी द्यायचं नाही, आधी ऊब, हे पण मी उलटंच करायलो होतो.

अन सलाईनचं तर सांगूच नका. गाईला बाटलीवर बाटली, चाक पूर्ण उघडं. पार्वोचं, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना जुलाब-उलट्या लावणाऱ्या विषाणूचं, दोन किलोचं पिल्लू आलं, डॉक्टरांनी सांगितलं दिवसाला 120 मिली चालू ठेव, जुलाबाचं वेगळं सांगतो. मी सलाईनच्या नळीचा नेहमीचा सेट लावला, 20 थेंबाला एक मिलीवाला, अन डोळ्याच्या अंदाजानं सोडला. अंदाज गाईचा होता. अर्ध्या तासात पिल्लू भरभर श्वास घ्यायला लागलं, नाकातून पाणी. देवाच्या कृपेनं वाचलं. आता मायक्रो सेट लावतो, त्यात 60 थेंबाला एक मिली, म्हणजे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. 120 ला 24 नं भागा, तासाला पाच, मिनिटाला पाच थेंब. घड्याळ समोर धरून मोजायचे. बास एवढंच, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कोरडवाहू_जालना

भाऊ तू एवढ्या चुका केल्या अन अजून नोकरीत हाय?

पट्टीवाला_लातूर

हाय. कारण माझ्या जागी दुसरा मिळत नाही. तेच तर म्हणायलोय.

माऊची_आई_नांदेड

पार्वोवरून आठवलं. त्याच पिंजऱ्यात नंतर दुसरं पिल्लू ठेवता का हो? फिनेलनं पुसून?

पांढरा_उंदीर_संभाजीनगर

ताई फिनेलनं पार्वो जात नाही, वासच तेवढा दवाखान्याचा येतो. घाण आधी धुऊन काढायची मग ब्लीच, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. अन पार्वोच्या पिल्लाचं काम सगळ्यात शेवटी करायचं, आधी लसीची चांगली पिल्लं मग आजारी, हात अन चपला बदलून. आपल्याकडं उलटं होतं, जो जास्त रडतो त्याच्याकडं आधी.

जुना_खोडा

मी पूर्ण वाचलं. माझं मत बदललं असं समजू नका. सहा महिन्यांचा कोर्स काढला तर लातुरात तीन संस्था फी घेऊन सर्टिफिकेट वाटतील अन पोरगा एक मांजर न धरता नर्स होईल, हे मी लिहून देतो. तुम्ही लोकांनी आयुष्यात कधी पिसाळलेलं कुत्रं धरलंय का? मी धरलंय, अन त्यानंतर दवाखान्यातल्या एका परिचराला चावलं बी. तेव्हा कुणी सांगितलं नाही की चावायच्या आधीच रेबीजची लस घेऊन ठेवता येते. आता सांगतात, शून्य, सात अन एकवीस नाहीतर अठ्ठावीसाव्या दिवशी. मला रिटायर होताना कळलं. तर नव्या पोरांना पहिलं ते टोचा, मग मांजराच्या हिरड्या दाखवा.

गोठा_ते_टेबल

अण्णा, हे मी माझ्या दवाखान्यातल्या पोराचं पण केलेलं नाही, सोमवारी करतो. कोर्सच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूला. पट्टीवाल्यांना मी उद्या कामावर घेईन, सर्टिफिकेटवाल्याला नाही.

पट्टीवाला_लातूर

घ्या सर, पण मला जे कळलं ते एक ससा जाऊन कळलं. दुसऱ्या पोराला पण एकेक जनावर मारूनच शिकवायचं का मग? बोर्ड लावतील या भीतीनं शिकवायचं नाही हे मला पटलेलं नाही, सॉरी.

गोठा_ते_टेबल

पटू नका. तुमच्या गावात बोर्ड लागला की बोलू.

जुना_खोडा

भांडू नका रे. ए लातूर, तो साठ थेंबाचा सेट मेडिकलवर काय म्हणून मागायचा? शेजारच्याचं पिल्लू दोन दिवस हगायलंय अन तालुक्याचे डॉक्टर उद्या येणारेत.

पट्टीवाला_लातूर

मायक्रो ड्रिप सेट म्हणा अण्णा, लहान लेकरांचा. अन सोबत पिवळा इंट्राकॅथ घ्या, शिरेत घालायची बारीक नळी, 24 नंबर. पण लावायचं डॉक्टर आल्यावरच, तोवर कोपऱ्यात गोणपाट टाकून उबेला ठेवा, अन उलट्या होत असल्या तर तोंडानं बळं काही पाजू नका.